वाळूखाली गेलेली गावे आणि पाइनचे बन

लिथुआनिया देशातील क्लायपेडा या बंदरात फेरीबोटीत पाय ठेवला, की अवघ्या काही मिनिटांत प्रवासी पलीकडच्या तीरावर उतरतो. मांडवीच्या किंवा जुवारीच्या फेरीबोटीत बसण्याची सवय असलेल्याला या प्रवासात नवे असे काही वाटणार नाही. परंतु पलीकडे जी भूमी लागते ती मात्र जगावेगळी आहे. उजव्या हाताला बाल्टिक समुद्र, डाव्या हाताला विस्तीर्ण व बव्हंशी गोड्या पाण्याचे खाजण आणि या दोहोंच्या मध्ये धनुष्यासारखा किंचित वाकलेला, अठ्ठ्याण्णव किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा. त्याची रुंदी कोठे जेमतेम चारशे मीटर, तर कोठे जवळजवळ चार किलोमीटर. या दांड्याचे नाव कुर्शू नेरिया. उत्तरेकडील ५२ किलोमीटरांचा भाग लिथुआनियाकडे, उरलेला दक्षिणेकडील रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताकडे. दोन्ही देशांनी आपापल्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला आहे. रशियाच्या बाजूस १९८७ साली आणि लिथुआनियाच्या बाजूस १९९१ साली. पुढे २००० साली युनेस्कोने हा संपूर्ण दांडा जागतिक वारशाच्या यादीत घातला.

या भूमीच्या जन्माविषयी तेथील कोळ्यांत एक कथा सांगतात. नेरिंगा नावाची एक प्रचंड देहाची, पण मायाळू मुलगी होती. समुद्राच्या वादळाने कोळ्यांच्या होड्या फुटू लागल्या, तेव्हा तिने ओच्यातून वाळू वाहून आणली आणि खवळलेल्या समुद्राला बांध घातला. त्या बांधाच्या आडोशाला शांत खाजण निर्माण झाले. भूगोलशास्त्र नेरिंगेच्या ओच्याऐवजी लाटा, प्रवाह आणि वारा यांची नावे घेते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने दक्षिणेकडची वाळू उत्तरेकडे वाहून नेऊन समुद्रतळावरील जुन्या उंचवट्यांच्या आधाराने हा बांध घातला. नेमुनास नदीचे पाणी त्याच्या मागे साचले आणि त्याला उत्तर टोकाशी क्लायपेडाजवळ एवढीच एक वाट राहिली. लाटेने किनाऱ्यावर टाकलेली वाळू वाऱ्याने उचलून आत नेली व तिच्या टेकड्या झाल्या. कथेतील मुलीने आणि शास्त्रातील वाऱ्याने केलेले काम एकच आहे; फरक एवढाच, की मुलगी बांध पुरा झाल्यावर थांबली आणि वारा थांबला नाही.

समुद्राकडून खाजणाकडे सरळ चालत गेल्यास ही भूमी किती निरनिराळ्या थरांनी बनली आहे ते तासाभरात ध्यानी येते. प्रथम फिकट रंगाच्या बारीक वाळूची पुळण. तिच्या मागे किनाऱ्याला समांतर धावणारा एक वाळूचा तट. हा निसर्गनिर्मित दिसतो, पण तो माणसाने घडविलेला आहे आणि त्याची हकीकत पुढे येईलच. तटाच्या आड सपाट, सखल पट्टा. त्यात पाइनचे दाट बन, मधूनमधून भूर्जवृक्ष, पायाखाली शेवाळ आणि दगडफुलांचा मऊ थर. या बनात रानडुकरे आणि एल्क जातीची, घोड्याएवढी उंच हरिणे हिंडतात. बन संपले की एकदम उभ्या राहतात त्या मोठ्या वालुकागिरींच्या रांगा. त्यांतील काही साठ मीटरांहूनही उंच आहेत. त्यांच्या पलीकडच्या उतारावरून वाळू थेट खाजणाच्या पाण्यात उतरते, आणि पाण्याच्या काठाने युओडक्रान्टे, पेर्वाल्का, प्रैला, निडा ही लहान लहान गावे वसली आहेत.

युओडक्रान्टे या नावाचा अर्थ ‘काळा किनारा’. फिकट वाळूच्या मुलखात त्या गावामागचे जुने पाइनचे जंगल दुरून काळे दिसे, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. या दांड्यावर जे मूळचे जंगल थोडेफार शिल्लक राहिले त्यातील मोठा भाग येथेच आहे. आज त्या जंगलात पाणकावळ्यांची आणि राखी बगळ्यांची प्रचंड वसाहत आहे. हजारो पाणकावळे वर्षानुवर्षे त्याच झाडांवर घरटी करतात. त्यांच्या विष्ठेने झाडे जळून जातात आणि शंभर-दीडशे वर्षांचे पाइन पांढऱ्या सांगाड्यासारखे उभे राहतात. पक्षी राखावेत की वृक्ष राखावेत, हा तेथील वनाधिकाऱ्यांपुढचा नित्याचा पेच आहे. याच गावाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या यंत्रांनी खाजणाचा तळ उपसून तृणमणी काढण्याचा मोठा धंदा चालला होता. तृणमणी म्हणजे तरी काय? सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या शंकुवृक्षांची कठीण झालेली राळच ती. घासल्यावर ती गवताची काडी ओढून घेते म्हणून आपल्या पूर्वजांनी तिला हे समर्पक नाव दिले. त्या उपशात अश्मयुगीन माणसाने कोरलेले तृणमण्यांचे अलंकारही सापडले.

परंतु या दांड्याची खरी कहाणी जंगलाची नव्हे, तर जंगल गेल्यावर काय झाले याची आहे.

एके काळी ही सारी भूमी पाइन, ओक आणि लिंडेन यांच्या वनांनी झाकलेली होती. सोळाव्या शतकापासून तेथे कुऱ्हाड चालू लागली. घरांना लाकूड हवे, होड्यांना हवे, कोळशाला आणि डांबराला हवे. झाडे गेलेल्या जागी गुरे चरू लागली आणि नवे रोप उगवण्याआधीच खुडले जाऊ लागले. पुढे सप्तवार्षिक युद्धात (१७५६ ते १७६३) रशियन सैन्याने पूर्व प्रशिया व्यापला व उरलेसुरले जंगल तोडले. तेथील लोककथनात सगळा दोष या परक्या सैन्यावर टाकण्याची रीत आहे. ती सोयीची आहे, पण पूर्ण खरी नव्हे. सैनिकांनी शेवटचा घाव घातला. आधीचे घाव घरच्याच लोकांचे होते.

झाडे गेली आणि वाळू मोकळी झाली. वाळूची टेकडी चालते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. वाऱ्यावर सगळी वाळू धुळीसारखी आकाशात उडत नाही. बहुतेक कण जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवरून टुणटुण उड्या मारीत पुढे जातात; खाली पडताना दुसऱ्या कणांना धक्का देऊन त्यांनाही उडवितात. अशा रीतीने वाऱ्याच्या बाजूचा उतार हळूहळू झिजतो, कण माथ्यावर येऊन साचतात आणि साचता साचता उतार तीस-चौतीस अंशांहून तीव्र झाला की पलीकडच्या बाजूस घसरून पडतात. मागून काढावयाचे आणि पुढे टाकावयाचे, एवढ्या एका क्रियेने साठ मीटरांची टेकडी कणाकणाने पुढे सरकते. तिला घाई नसते. वर्षाला चार-पाच मीटर म्हटले तर दाराशी बसलेल्या माणसाला ते जाणवतही नाही. पण दहा वर्षांनी परसातील विहीर गेलेली असते, आणि वीस वर्षांनी घर.

कुर्शू नेरियावर वारा मुख्यतः समुद्राकडून वाहतो आणि गावे खाजणाच्या काठाला होती. म्हणजे टेकड्यांच्या नेमकी वाटेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत येथील चौदा गावे वाळूखाली गेली. काही गावांनी एकदा नव्हे तर दोनदा जागा बदलली. आजचे निडा हेसुद्धा मूळच्या जागी नाही. वाळू आधी शेतांवर आली, मग कुंपणांवर, मग दफनभूमीवर. टेकडी पुढे सरकून गेल्यावर मागील बाजूस गाडलेल्या गोष्टी पुन्हा उघड्या पडत. बापजाद्यांच्या थडग्यांवरून टेकडी चालत गेली आणि पुढच्या पिढीला वाळूत उघडी पडलेली हाडे पाहावी लागली, अशी वेळ या कोळ्यांवर आली. ज्या लोकांत मृताच्या विसाव्याला मोल आहे, त्यांना हे दुःख घर गेल्याच्या दुःखाहून कमी नव्हते.

पेर्वाल्का आणि प्रैला यांच्या दरम्यान कार्वायच्याय नावाचे गाव होते. तेथे १७७६ साली एका गरीब घरात लिउद्विकास रेझा याचा जन्म झाला. लहानपणीच आईबाप गेले. पोर नातलगांच्या आश्रयाने वाढले. पुढे हाच मुलगा क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात ईश्वरविद्येचा प्राध्यापक झाला. त्याने लिथुआनियन बायबलची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली, दोनेलायतिस या कवीचे ऋतुवर्णनपर महाकाव्य १८१८ साली प्रथम छापून प्रसिद्ध केले, आणि १८२५ साली लिथुआनियन लोकगीतांचा संग्रह काढला. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली गाणी छापण्यायोग्य असतात, हे त्या काळी विद्वानांना पटवून द्यावे लागे. रेझा विद्यापीठात शिकत होता त्याच सुमारास, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, त्याच्या गावातील शेवटची माणसे घरे सोडून निघून गेली आणि कार्वायच्याय वाळूखाली नाहीसे झाले. त्याने त्या गावावर कविता लिहिली. लोकांच्या तोंडातून नाहीशी होऊ पाहणारी गाणी कागदावर उतरवून ठेवण्याचा ध्यास या माणसाला का लागला असावा, याचे उत्तर बहुधा या वाळूच्या टेकडीतच आहे.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या लिथुआनियन भाषेसाठी रेझाने आयुष्य वेचले तिच्यात देवाला ‘दिएवास’, अग्नीला ‘उग्निस’, धुराला ‘दूमाय’, मेंढीला ‘आविस’ आणि मुलाला ‘सूनुस’ म्हणतात. संस्कृतातील देव, अग्नि, धूम, अवि आणि सूनु हे शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याला बाल्टिकच्या त्या थंड किनाऱ्यावर क्षणभर घरचे कोणी भेटल्यासारखे वाटल्यावाचून राहणार नाही.

गावे जात होती, तसाच राजमार्गही जात होता. क्योनिग्सबर्गहून क्लायपेडाकडे जाणारी टपालाची वाट याच दांड्यावरून होती आणि ती बंद पडणे सरकारला परवडणारे नव्हते. १७६८ साली डान्झिग येथील निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने, चालती वाळू थांबविण्याचा उपाय सुचविणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. ते विटेनबर्गचे प्राध्यापक टिटियस यांना मिळाले. ग्रहांच्या अंतरांविषयीच्या नियमामुळे खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्यांचे नाव ठाऊक असते तेच हे टिटियस. त्यांचा सल्ला अगदी साधा होता: झाडे लावा. सल्ला साधा असला तरी तो अमलात आणणे सोपे नव्हते. चालत्या वाळूत रोप लावले तर चार दिवसांत ते एक तर गाडले जाते, नाही तर त्याची मुळे उघडी पडतात.

म्हणून काम दोन टप्प्यांनी झाले. आधी समुद्राच्या काठाने खुंट आणि काटक्यांची कुंपणे घालण्यात आली. कुंपणाशी वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू तेथेच पडते. कुंपण बुडाले की त्यावर दुसरे घालावयाचे. असे करीत वर्षानुवर्षांनी किनाऱ्याला समांतर एक तट उभा राहिला. त्यावर वाळूत वाढणारे ताठ, निळसर गवत लावले. या गवताचा गुण असा, की ते वाळूत गाडले गेले म्हणजे मरत नाही, उलट वर वर वाढत जाऊन मुळांचे जाळे पसरते. आपल्या कोकणात आणि गोव्यात पुळणीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल हेच काम करते. समुद्राची मर्यादा सांभाळणारी म्हणून तिला हे नाव ज्याने दिले त्याला वाळूचे शास्त्र पुरेपूर कळले होते म्हणावयाचे. तट झाल्यावर नवी वाळू आत येणे थांबले. मग दुसरा टप्पा: टेकड्यांच्या अंगावर काटक्या खोचून बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखावयाचे, प्रत्येक चौकोनात चिकणमाती किंवा कुजलेल्या पाल्याची माती घालावयाची आणि तीत पाइनची रोपे लावावयाची. यासाठी डोंगरी पाइनची एक ठेंगणी, झुडपासारखी पसरणारी जात निवडण्यात आली. ती निकस वाळूतही तग धरते.

निडा येथे टपालचौकी चालविणाऱ्या कुवर्ट नावाच्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावाभोवती झाडे लावण्यास प्रारंभ केला. पुढे सरकारी खात्याने काम हाती घेतले. त्यात फ्रान्झ एफा या अधिकाऱ्याचे नाव विशेष आदराने घेतात. पिल्कोपेन, म्हणजे आजचे रशियन हद्दीतील मोर्स्कोये, हे गाव टेकडीच्या तोंडी जाण्याच्या बेतात असताना त्याने ती टेकडी रोपांनी बांधून ठेवली. गाव वाचले. त्या टेकडीला आजही त्याचेच नाव आहे. गावातील बायकापुरुषांनी पाठीवरून माती वाहिली, काटक्या खोचल्या, रोपे लावली. आणि हे काम एका पिढीचे नव्हे, तीन-चार पिढ्यांचे होते. ज्याने रोप लावले त्याला त्याची सावली मिळाली नाही.

एकोणिसावे शतक संपता संपता वाळू बहुतांशी थांबली. त्या शांततेत या दांड्याची दुसरी कीर्ती पसरली. उत्तर युरोपातील पक्षी शरद ऋतूत दक्षिणेकडे निघाले, की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण यांवरून उडणे टाळून ते या चिंचोळ्या पट्टीवर दाटी करतात. योहान्नेस थीनेमान याने १९०१ साली रोसिट्टेन गावी जगातील पहिले पक्षिनिरीक्षण केंद्र काढले आणि पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग घेण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते बंद पडले, पण त्याच गावात, आता रिबाची या रशियन नावाने, १९५६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते पुन्हा उभे केले. कावळ्यांचे थवे मात्र शास्त्रज्ञांच्याही आधीपासून कोळ्यांना ठाऊक होते. वाळूत माशांसारखे जाळे पसरून, शेजारी पाळीव कावळा बांधून ते कावळे धरीत आणि मीठ लावून हिवाळ्यासाठी ठेवीत. हे ऐकून पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना शहारे येतील. पण ज्या भूमीत धान्य पिकत नाही आणि हिवाळ्यात खाजण गोठते, तेथील भुकेचा न्याय दूरवरून करणे बरे नव्हे.

या कोळ्यांना कुर्सेनिएकी म्हणत. त्यांची बोली लॅटव्हियनला जवळची होती. १८४४ पासून प्रत्येक गावाच्या होडीवर ठराविक रंगांचे निशाण लावण्याचा नियम झाला, तेव्हा त्यांनी त्या निशाणाभोवती लाकडी नक्षी कोरून डोलकाठीवरील वातकुक्कुटाची एक कलाच निर्माण केली. त्यांच्या दफनभूमीत लाकडी स्मृतिफलक मृताच्या डोक्याशी नव्हे, तर पायाशी रोवलेले असत. त्यांवर पाने, पक्षी आणि बेडूक यांच्या आकृती कोरीत. निडाच्या दफनभूमीत असे फलक अजून पाहावयास मिळतात. फलक आहेत, माणसे नाहीत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी जवळ येताच बहुतेक सर्व लोक पळाले. जे परतले त्यांतील पुष्कळसे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत निघून गेले. दांड्याचा उत्तरेकडील भाग जर्मनांकडून लिथुआनियाकडे, तेथून पुन्हा जर्मनांकडे गेला, मग सारा दांडा सोव्हिएत संघाकडे आणि शेवटी दोन देशांत विभागून गेला. वाळूने ज्यांची चौदा गावे घेतली तरी जे हलले नव्हते, त्यांना राज्यांच्या सीमांनी हलविले. त्यांची बोली आज जवळजवळ लोपली आहे.

आणि ज्या पाइनांनी गावे वाचविली तेच पाइन आज तेथील रक्षकांची चिंता झाले आहेत. डोंगरी पाइन राळेने भरलेला असतो. कोरड्या दिवसांत तो भडाडून पेटतो. २००६ साली स्मिल्टिनेच्या बाजूस लागलेल्या वणव्यात दोनशेहून अधिक हेक्टर बन जळाले. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. झाडे पसरत चालली, तटामुळे नवी वाळू येईनाशी झाली आणि उघड्या टेकड्या झिजू लागल्या. निडाजवळची पार्निडिस टेकडी, जिच्या माथ्यावर १९९५ साली ग्रॅनाइटचे छायायंत्र उभारले आहे, ती वाऱ्याने आणि प्रवाशांच्या पायांनी खचत आहे. ज्या उघड्या वाळूसाठी जग हा दांडा पाहावयास येते तीच वाळू आता जपावी लागते. म्हणून काही ठिकाणी आपोआप उगवलेली पाइनची रोपे मुद्दाम उपटतात, तर समुद्राकाठच्या तटावर मात्र जुन्याच रीतीने काटक्यांची कुंपणे घालतात. एकाच खात्याची माणसे एका जागी झाड काढतात आणि दुसऱ्या जागी वाळू बांधतात. पाहणाऱ्यास यात विसंगती दिसेल. पण वाळू कोठे चालू द्यावयाची आणि कोठे नाही, हा प्रश्न माणसाने एकदा हाती घेतल्यावर तो सोडून देता येत नाही. आपल्या किनाऱ्यावरही पुळणीवर सुरूची बने लावली गेली आहेत. सुरू हा दिसावयास पाइनसारखा, पण मुळात परदेशातून आणलेला निराळाच वृक्ष. त्याच्या दाट सावलीत आणि पडलेल्या काड्यांच्या थराखाली मर्यादवेलीचे काय होते, हे मोरजी किंवा गालजीबाग येथे कासवांची अंडी राखणाऱ्यांना विचारावे.

पेर्वाल्का आणि युओडक्रान्टे यांच्यामध्ये नाग्ल्याय नावाचा कडक संरक्षणाचा पट्टा आहे. तेथल्या टेकड्यांना ‘मृत टेकड्या’ म्हणतात. प्रवाशाला फक्त लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालण्याची परवानगी आहे. दोन्ही बाजूंना करड्या गवताचे झुबके आणि वाऱ्याने कोरलेली वाळू. वारा जेथे खोल उतरला आहे तेथे वाळूच्या पोटात काळसर रेघा दिसतात. एकेक रेघ म्हणजे एकेका काळची माती. तिच्यावर कधी काळी जंगल उभे होते. येथून काही किलोमीटर दक्षिणेला कार्वायच्यायची टेकडी आहे. तिच्यावर आता पाइन वाढले आहेत, आणि रेझाचे गाव त्यांच्या मुळांखाली आहे.